कानाडोळा

बाबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे मला का दाखवतायत गं?" स्क्रीनवर पांढऱ्या केसांचा एक हसरा माणूस होता. कानामागे पेराएवढं, कातडीच्या रंगाचं यंत्र, आणि खाली निळ्या बटणावर 'मोफत श्रवणचाचणी'. मी म्हटलं, "काही नाही हो बाबा, सगळ्यांनाच येतात असल्या जाहिराती." त्यांनी मान हलवली आणि अंगठ्यानं जाहिरात वर सरकवली. मग कुणाच्या तरी सहलीचे फोटो, एक व्हिडिओ, आणि पुन्हा तोच माणूस. या वेळी नातीला मांडीवर घेऊन. नात त्याच्या कानात काहीतरी सांगत होती आणि त्याला ते ऐकू येत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळावं अशी सगळी व्यवस्था होती. बाबांनी मोबाइल पालथा ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

सगळ्यांना येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी माझ्या फोनवर शोधलं होतं: वयानुसार ऐकू कमी येणं, लक्षणं, कानाचं यंत्र कधी लावावं. माझ्या फोनवर, बाबांच्या नव्हे.

बराच काळ आमच्या घरात एक गोष्ट न बोलता चालली होती. टीव्हीचा आवाज हळूहळू चढत गेला, कुणी काही म्हटलं नाही. आई पूर्वी आतूनच हाक मारायची, ती आता दारात येऊन मारायला लागली. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसायची सवय लावून घेतली. फोनवर ते "हो, हो" म्हणत आणि मग आईकडे बघत, की आपण नक्की कशाला हो म्हटलं. एखाद्या विनोदावर सगळे हसले की बाबा अर्ध्या क्षणानं हसायचे, आणि तो अर्धा क्षण आम्हाला हसण्यापेक्षा मोठा ऐकू यायचा. आम्हाला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हेही त्यांना बहुतेक माहीत होतं. पण तोंड कधी उघडायचं ते त्यांनी ठरवायचं, असं आपोआप ठरून गेलेलं. आणि एक दिवस भलत्याच कुणीतरी ते बोलून टाकलं. बोलताना हसलंसुद्धा.

ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली तर दोघी एकदमच म्हणाल्या, "फोन ऐकतो आपलं सगळं." हा समज आता इतका पक्का झालाय, की त्यावर कुणी वादही घालत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर फेसबुकच्या मार्क झुकरबर्गला हे थेट विचारलं गेलं आणि त्यानं सरळ 'नाही' म्हणून सांगितलं, तरी कुणाचं समाधान झालं नाही. त्याच वर्षी नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच: काही ॲप आपल्या स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं आणि चित्रफिती तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती. मला यातला विनोद आवडला. आपण कान झाकून बसलो आणि तिकडे खिडकी उघडी.

खरं तर ऐकायची गरजच पडत नाही. घरातले सगळे फोन एकाच वायफायवर असले, की बाहेरून बघणाऱ्याला ते एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. त्या पत्त्यावरून रात्री कुणीतरी कानाच्या यंत्राबद्दल वाचलं. त्याच पत्त्यावर एक फोन असा आहे, ज्याच्या मालकानं खातं उघडताना प्रामाणिकपणे जन्मतारीख भरली होती. बस. दोन आणि दोन चार करायला कान लागत नाहीत. मी वाचलेल्या पानांपैकी एखाद्यावर एक पिक्सेलएवढं पारदर्शक चित्र असणार, डोळ्यांना न दिसणारं. पान उघडलं की ते चित्र आपल्या मूळ मालकाकडून मागवलं जातं आणि त्या मागणीतच चहाडी होते: अमुक ब्राउझर, अमुक पत्ता, अमुक पान. २०१० पासून फेसबुकचं 'लाइक'चं बटण दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर दिसायला लागलं, तेही असंच. दाबलं नाही तरी ते बटण पानावर आहे एवढ्यानंच निरोप पोचायचा. नंतरचं पान उघडेपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात वगैरे, त्या पानावरच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो. या माणसाला जाहिरात दाखवायची संधी आहे, कोण किती देतो? बोली लागते, कुणीतरी जिंकतो, चौकोन भरतो. आपण तोवर पापणी मिटून उघडलेली असते.

आणि या सगळ्याचं मूळ अगदी निरुपद्रवी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाच्या तरुण प्रोग्रॅमरनं कुकी, म्हणजे संकेतस्थळानं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, बनवली ती वेबच्या विसराळूपणावर उपाय म्हणून. तोवर प्रत्येक पान उघडताना संकेतस्थळाला आपली नव्यानंच ओळख करून द्यावी लागायची. टोपलीत वस्तू टाकून पुढच्या पानावर गेलं, की टोपली रिकामी. कुणीतरी आपल्याला लक्षात ठेवावं ही सोय होती. आपण ती आनंदानं घेतली.

कुणी आपल्याला लक्षात ठेवावं हे मलाही नको आहे असं नाही. लहानपणी मी ज्या वाचनालयात जायचे, तिथल्या ग्रंथपाल बाईंना माझं सगळं वाचन माहीत होतं. कुठल्या वयात मी परीकथा सोडल्या, कधी रहस्यकथांवर तुटून पडले, कुठली कादंबरी अर्धवट वाचून परत केली, सगळं. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला, की त्यातलं एखादं त्या माझ्यासाठी टेबलाच्या खणात ठेवून द्यायच्या. आजच्या भाषेत हे नेमकं लक्ष्य साधणंच झालं, आणि त्यांचा नेम कुठल्याही यंत्राच्या तोंडात मारेल असा होता. पुढे घरात एक आजारपण आलं. कुणी मला काही सांगत नव्हतं, म्हणून मी त्या आजारावरचं पुस्तक शोधून काढलं आणि घाबरत टेबलाशी नेलं. माझ्या मागे दोन-तीन माणसं उभी होती. बाईंनी पुस्तकाच्या नावाकडे एक नजर टाकली, ते पालथं घातलं, मागच्या बाजूनं उघडून तारखेचा शिक्का मारला आणि पालथंच माझ्या हातात दिलं. चेहऱ्यावर काही नाही. पुढच्या वेळी खणातून त्या आजारावरचं दुसरं पुस्तक निघालं नाही, हसवणारं निघालं.

बाईंनाही माहिती होतीच की. भरपूर होती. त्यांनी तिचं काय केलं आणि काय केलं नाही, तिथे सगळा फरक आहे.

माणसांमाणसांतली गुप्तता खरं म्हणजे कुलूप-किल्लीची नसतेच. भिंती पातळ असतात, कपडे दोरीवर वाळत असतात, रडून आलेले डोळे दिसतात. एकमेकांविषयी आपल्याला पुष्कळ कळतं आणि त्यातलं बरंचसं कळलंच नाही असं आपण दाखवतो. रडून आलेल्याला "सर्दी झाली का?" विचारतो, आणि तोही "हो" म्हणतो. या भिडेवर, मुरवतीवर घरं आणि ऑफिसं चालतात. जाहिरातीच्या यंत्राला भीड नाही. ते दुष्ट आहे असं मी म्हणत नाही; दुष्टाला निदान आपण काय करतोय ते कळतं.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका पत्रकार स्त्रीनं तंत्रज्ञान कंपन्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं होतं. तिचं मूल जन्मतःच गेलं होतं. गरोदरपणात तिनं काय काय शोधलं, कुठले फोटो टाकले, कशावर बोट ठेवलं, त्यावरून जाहिराती बरोबर यायच्या, त्या मूल गेल्यावरही येत राहिल्या. तिचं म्हणणं असं, की मी गरोदर आहे हे ओळखण्याएवढे तुम्ही हुशार असाल, तर माझं मूल गेलं हेही तुम्हाला ओळखता यायला हवं होतं. मला त्या पत्रातला सगळ्यात भयंकर वाटलेला तपशील वेगळा आहे. 'ही जाहिरात नको' हे बटण तिनं दाबलं. का नको, असं विचारलं गेलं. 'माझ्याशी संबंधित नाही' हा पर्याय तिनं निवडला. यंत्रानं त्याचा अर्थ लावला: बाळंतपण झालं असणार. मग बाळाला पाजण्यासाठीच्या कपड्यांच्या, बाळ झोपवण्याच्या युक्त्यांच्या जाहिराती सुरू झाल्या.

यावर कुणी म्हणेल, की यंत्राला अजून थोडं शहाणं करा, म्हणजे भागेल. मला याचीच जास्त धास्ती वाटते. अमेरिकेतल्या 'टार्गेट' या दुकानसाखळीची गोष्ट २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकातून गाजली. खरेदीच्या नोंदींवरून, म्हणजे बिनवासाचं लोशन वगैरे पंचवीसएक वस्तूंवरून, कुठली गिऱ्हाईक स्त्री गरोदर असेल याचा अंदाज त्यांचे संख्याशास्त्रज्ञ बांधत होते. अंदाज बरोबर निघत, पण पाळण्या-दुपट्यांची सवलत कुपनं थेट घरी आली की बायका बिचकत. तेव्हा कंपनीनं काय करावं? लंगोटांच्या कुपनाशेजारी गवत कापायच्या यंत्राचं कुपन छापलं, बाळाच्या कपड्यांशेजारी वाइनचे ग्लास. आपल्यावर कुणी नजर ठेवलेली नाही, सगळ्या गल्लीला हेच कागद गेले असतील, असं वाटलं की बाई निवांतपणे कुपन वापरते. म्हणजे पुस्तक पालथं घालायला तेही शिकले. बाईंनी ते माझ्यासाठी पालथं घातलं होतं, यांनी स्वतःसाठी. समोरून बघणाऱ्याला मात्र दोन्ही कृती सारख्याच दिसणार.

आता एक अडचणीची गोष्ट. काही दिवसांनी बाबा आपण होऊन म्हणाले, "ती चाचणी कुठे करतात, बघशील का?" पेपर वाचता वाचता, मान वर न करता. चाचणी झाली, यंत्र आलं. पहिल्या दिवशी ते स्वतःच्याच कपड्यांच्या सळसळीला दचकत होते आणि पंखा एवढा आवाज करतो हे आम्हाला कधी सांगितलं नाही म्हणून वैतागले. आता विनोदावर ते सगळ्यांबरोबर हसतात, क्वचित आधीच. म्हणजे आम्ही एवढा काळ जपून, सांभाळून, नजर चुकवून जे केलं नाही ते एका निर्लज्ज जाहिरातीनं करून टाकलं. त्या काळात त्यांच्या कानांवरून किती गप्पा नुसत्याच गेल्या असतील. आमचं गप्प राहणं ही माया होती की टाळाटाळ, हे मला अजून नीट सांगता येत नाही, बहुधा दोन्ही. पण म्हणून त्या हसऱ्या माणसाचे आभार मानावेत असं काही माझ्यानं होत नाही. त्याला बाबांच्या कानाशी कर्तव्य नव्हतं. त्याच पत्त्यावरून रात्री मी मृत्युपत्र कसं करावं हे वाचलं असतं, तर सकाळी तो वकिलाचा कोट घालून हसत उभा राहिला असता.

उपकारांची बाजूही मांडायला हवी, कारण ती आहे. मी डावखुरी. आयुष्यभर कात्री माझ्या हातात उलटी चालत आली: पाती कापायची रेष झाकतात, कागद दुमडतो, अंगठ्याच्या मुळाशी वळ उठतो. घरात, शाळेत, कुणाच्याच हे लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मला वाटायचं आपला हातच वाकडा. एका रात्री फोनवर जाहिरात आली, डावखुऱ्यांसाठी कात्री. पाती उलट्या बाजूनं बसवलेली. मी मागवली. पहिला कागद सरळ रेषेत कापला गेला तेव्हा मी उगाचच आणखी कागद कापत बसले. कशावरून ओळखलं असेल? मी कधीतरी कुठल्या तरी डावखुऱ्या क्रिकेटपटूच्या पोस्टवर थांबले असेन, किंवा डावखुऱ्यांच्या तक्रारींचं एखादं व्यंगचित्र पुढे पाठवलं असेल. घरच्यांनी न पाहिलेलं एका अनोळखी हिशेबानं पाहिलं, याचं सुख मला झालं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

कॅलिफोर्निया आणि इंग्लंडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याची मोजणीच केली होती. स्वयंसेवकांना स्वभावाची पाच मापं घेणारी प्रश्नावली भरायला दिली. मग संगणकाला त्यांचे फक्त फेसबुकवरचे लाइक दिले, आणि त्यांच्या ओळखीच्यांनाही विचारलं की हा माणूस कसा आहे. १० लाइकमध्ये संगणक सहकाऱ्याच्या पुढे गेला, ७० मध्ये मित्राच्या, १५० मध्ये घरच्यांच्या. ३०० च्या आसपास तो नवरा-बायकोच्या बरोबरीला आला. हे वाचून घाबरावं की बायका-नवऱ्यांची कीव करावी, कळेना. अर्थात स्वभावाची पाच मापं बरोबर सांगणं म्हणजे माणूस कळणं, हे मी मान्य करत नाही. जाहिरात विकायला तेवढं पुरतं, एवढंच.

या सगळ्या कळण्याचा ढीग केवढा होतो, हे एका विद्यार्थ्यामुळे दिसलं. व्हिएन्नाचा मॅक्स श्रेम्स कायदा शिकत होता. २०११ मध्ये त्यानं युरोपच्या कायद्यावर बोट ठेवून फेसबुककडे स्वतःविषयीची सगळी माहिती मागितली. त्याला एक सीडी आली. तीत १,२२२ पानं. स्वतः पुसून टाकलेले निरोपही त्यात होते. मी त्या पानांचा विचार करते तेव्हा मला खासगी निरोपांपेक्षा त्यांची जाडी डोळ्यांसमोर येते. एवढं जाड आत्मचरित्र लिहायला माणसाला जन्म लागतो. आणि ही झाली एका कंपनीची गोष्ट. पडद्यामागे माहितीचे दलाल वेगळेच. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१४ मध्ये अशा नऊ दलालांचा अहवाल काढला, त्यात ते माणसांची वर्गवारी कशी करतात ते दिलंय. एका कप्प्याचं नाव 'होऊ घातलेले पालक'. दुसऱ्याचं 'मधुमेहात रुची'. मधुमेहात रुची! ज्याला आहे त्याला विचारा किती रुची आहे.

हे चाललंय कशासाठी, त्याचं उत्तर लपलेलं नाही. सिनेटच्या त्याच सुनावणीत ८४ वर्षांच्या ऑरिन हॅच यांनी झुकरबर्गला विचारलं, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कशावर? तो म्हणाला, "सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो." म्हाताऱ्याला एवढंही कळत नाही म्हणून लोक हसले. मला तो प्रश्न भाबडा वाटला नाही. २०२३ मध्ये त्या कंपनीची कमाई सुमारे १३५ अब्ज डॉलर होती, त्यातले १३२ अब्जांच्या घरात जाहिरातींचे. ॲपलनं एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर एक प्रश्न विचारायला सुरुवात केली: या ॲपला तुमचा माग काढू द्यायचा का? फक्त विचारलं. बहुतेकांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी मेटानं, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीनं, सांगितलं, की या बदलामुळे आपलं त्या वर्षी १० अब्ज डॉलरच्या आसपास नुकसान होईल. परवानगी मागण्याची किंमत ही अशी. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर युरोपात दरपत्रकच लागलं: जाहिराती नको असतील तर वेबवर महिना ९.९९ युरो भरा. एकटं सोडावं यासाठी वर्गणी. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि लाज वाटेल इतक्या लवकर 'नको बुवा' म्हटलं.

वर्गणी भरूनही सगळं सुटत नाही, कारण माझी माहिती माझ्या एकटीची नसतेच. मी माझा नंबर कुठे द्यायचा नाही म्हणून कितीही जपलं, तरी ज्यांच्या फोनमध्ये तो साठवलेला आहे त्यांच्यापैकी कुणीतरी 'संपर्क जोडा' म्हटल्यावर सगळी वही त्या ॲपच्या हवाली करतं. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की असे दुसऱ्यांच्या वहीतून आलेले नंबर फेसबुकवर जाहिरातींचा नेम धरायला वापरता येतात. एवढंच नाही, खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून दिलेला नंबरही त्याच कामाला लावला जात होता. तेव्हा 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य मला हल्ली थोडं उद्धट वाटतं. तुझ्याकडे नसेल बाबा. तुझ्या वहीतल्या एखाद्याकडे असेल, त्याला विचारलंस का?

मध्यंतरी एका रविवारी मी सेटिंगच्या आत, तिच्या आत, आणखी तिच्या आत जाऊन माझ्या आवडीनिवडींची यादी शोधून काढली. अशी यादी आहे हे ते लपवत नाहीत, फक्त तिथवरचा रस्ता कंटाळवाणा करून ठेवतात. यादी लांबलचक. बागकाम, मांजरं, जुनी घड्याळं, पाठदुखी: खरं. अधूनमधून चक्क विनोदी: मोटारसायकलच्या शर्यती, टक्कल. आणि मासेमारी. मी आयुष्यात मासा पकडलेला नाही. बराच विचार केल्यावर आठवलं, की एका शब्दकोड्यासाठी मी गळाचे प्रकार शोधले होते. एकेक करून मी खऱ्या नोंदी पुसत गेले. काही नोंदींवर हात थांबला, त्या पुसल्या तर त्या कात्रीसारखं पुन्हा काही सापडणार नाही असं वाटलं, त्या ठेवल्या. खोट्या मात्र सगळ्या मुद्दाम शाबूत ठेवल्या. पडू दे त्यांचे पैसे माझ्या टकलावर.

तेव्हापासून मला गळ, दोऱ्या, काठ्या, चिखलात घालायचे बूट दिसतात. सुरुवातीला मजा वाटायची. मग काही नावं पाठ झाली. परवा एका रिळाच्या जाहिरातीवर बोट जरा रेंगाळलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ होती, फिरवल्यावर बारीक टकटक आवाज करणारी. फार देखणी वस्तू. मी घेणार नाहीये. पण किती वेळ थांबले ते त्यांनी मोजलं असणार.